तुझी एकच अट

मोगपोग,
२४ एप्रिल

प्रिय रोझवी,

तुझी अट वाचून मला हसू आलं होतं, हे आधीच कबूल करते. तीन वर्षं तू घरी आली नाहीस. आता येते म्हणालीस, तेव्हा मला वाटलं अट काहीतरी मोठी असणार. वेगळी खोली हवी म्हणशील, डॉक्टरीणबाईंना सोबत आणते म्हणशील, नाहीतर तिया उर्दुजाला आठवडाभर गावाबाहेर पाठवा म्हणशील. आणि तू मागितलंस काय, तर तीन मेच्या सणाच्या जेवणाला येते, पण माझ्या अंगाबद्दल कुणी एक शब्द बोलायचा नाही. जाड नाही, बारीक नाही, 'आता कशी छान दिसतेस' हेसुद्धा नाही. आणि माझ्या ताटात कुणी डोकवायचं नाही. खाली तू लिहिलं होतंस की डॉक्टरीणबाईंच्या मते आता तिसऱ्यांदा घसरलीस तर तुझं हृदय ते सोसेल याची खात्री नाही. ते वाचून मात्र हसू गेलं. तरी मी तुझ्या बापाला, तातयला म्हटलं, तोंडंच तर बंद ठेवायची आहेत, एका दुपारचं काम. चार घरी जाऊन सांगून येते. त्याला आज दोन आठवडे झाले. माझा घसा बसलाय, पाय सुजलेत आणि या गावातल्या निम्म्या लोकांशी मी भांडून बसले आहे. तू फोनवरचं सगळं बंद करून ठेवलंयस म्हणून हे कागदावर लिहितेय. नाहीतर एव्हाना तुला रोज रडकी गाऱ्हाणी ऐकावी लागली असती.

आपण एकमेकांना भेटलो की काय बोलतो, हे पंचावन्न वर्षांत मी कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. तुझी अट आली त्याच्या दुसऱ्या दिवशी धक्क्यावर मासे आणायला गेले आणि मुद्दाम ऐकत गेले. मासळीवाली म्हणाली, 'काय गं सोर्सी, गाल वर आलेत, नवरा चांगलं खाऊ घालतोय वाटतं!' ट्रायसिकलवाला म्हणाला, 'अलिंग सोर्सी, जरा मधे सरका, गाडी एका बाजूला जाते तुमच्यामुळे.' चर्चच्या पायरीवर फादरची स्वयंपाकीण भेटली, ती म्हणते, 'वाळलीस की गं, झोप लागत नाही का?' म्हणजे धक्क्यापासून चर्चपर्यंत जाताना मी जाडी झाले, गाडी कलंडवणारी झाले आणि वाळलेसुद्धा. त्यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि एरवी मलाही काही वाटलं नसतं. उरलेल्या सगळ्यांनी विचारलं, 'जेवलीस का?' तेही तुझ्या अटीत बसत नाही. मी घरी येऊन तातयला म्हटलं, अंग आणि जेवण काढून घेतलं तर या बेटावरची माणसं मुकी होतील. तो म्हणाला, 'बरं होईल.' त्याला काय जातंय बोलायला, तो मुळात बोलतच नाही.

सुरुवात तिया उर्दुजापासून केली, कारण तिनं ऐकलं तर सगळे ऐकतील. ती भडकलीच. 'माझी भाची तीन वर्षांनी येणार, आणि मी तिला डोळे मिटून भेटायचं? जाडी झाली तर जाडी म्हणणार, वाळली तर वाळली म्हणणार. नाहीतर तिला कळणार कसं की मावशीनं तिला नीट बघितलं?' तिचं म्हणणं खोटं नाही गं. आपल्याकडे प्रेम असंच करतात. कुणी काही बोललं नाही तर माणसाला वाटतं, आपण दिसलोच नाही यांना. पण मी हट्ट सोडला नाही. तिला दारात उभं केलं, मी तू झाले, खांद्याला पिशवी अडकवून आत आले, आणि म्हटलं, आता बोल. तिनं हात पसरले, 'आली गं माझी पोर! अगं बाई, किती...' आणि थांबली. तोंड लाल झालं. मग म्हणते, 'किती उंच झालीस!' मी म्हटलं, ती पंचवीस वर्षांची आहे, आणि उंची म्हणजेही अंगच ना? दुसऱ्यांदा केसांवर घसरली, तिसऱ्यांदा कातडीवर. शेवटी पिशवी हिसकावून घेऊन म्हणाली, 'जा, मी तिच्या चपलांचं कौतुक करते. चालेल का राणीसरकारला?' म्हणून येशील तर चपला बऱ्या घालून ये, असं मी तेव्हा तुला लिहिणार होते.

मग मी एक मोठी चूक केली. कप्तान मेल्बाकडे गेले. आपल्या बारंगायची, सगळ्या वस्तीची कप्तान ती, लोक तिचं ऐकतात, आणि बाई मनाची वाईट नाही. तिनं माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आणलं, म्हणाली, 'काळजी सोड, अलिंग सोर्सी, मी बघते.' दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिलाई मशीनवर बसले होते आणि चौकातला भोंगा सुरू झाला. मला वाटलं डेंग्यूची फवारणी असेल. तर आमची कप्तान सबंध गावाला सांगतेय, 'सर्व रहिवाशांना नम्र विनंती. आपली लाडकी रोझवी तीन तारखेला येत आहे. ती जाडी झालेली असली तरी कोणीही तिला तसं म्हणू नये. धन्यवाद. फवारणी गुरुवारी आहे.' दोनदा वाचलं! मी अनवाणी धावत गेले तोवर तिसऱ्यांदा वाचायला घेतलं होतं. मी तिच्या हातातून माइक ओढला तर ती बिचारी गोंधळून बघायला लागली. 'पण मी तर म्हणू नका असंच सांगितलं ना?' आणि निघताना मला एक पुडकं दिलं, तिच्या त्या बारीक होण्याच्या कॉफीचं. तुझ्यासाठी. फुकट. ती कॉफी अख्ख्या गावाला विकते आणि तिचं स्वतःचं ब्लड प्रेशर त्या कॉफीनं वाढलंय, पण पुडक्यावरच्या बाईची कंबर बघून ती पीतच राहते. मी घरी येऊन ते संडासात ओतलं आणि मग तासभर रडले.

खरा त्रास तर संध्याकाळी होतो. सात वाजता माझ्या दुकानात बायका मालिका बघायला येतात, तुला माहीतच आहे. सध्याच्या मालिकेत धनीणबाईला वेड लागलंय. केस पिंजारलेले, काजळ गालावर उतरलेलं, छातीशी बाहुली, आणि दर दोन मिनिटांनी ती छताकडे बघून हसते. भोंग्यानंतर आता सगळ्यांना तुझ्याबद्दल बोलायचा परवानाच मिळालाय. एक मालिकेकडे बोट करून विचारते, 'सोर्सी, तुझी पण अशी हसायची का गं?' मी नाही म्हटलं. दुसरी म्हणते, 'मग काय करायची?' काही नाही करायची, मी म्हटलं, कपडे इस्त्री करायची, ताट धुऊन ठेवायची, परीक्षेत पहिली यायची आणि जेवायची नाही. त्यांचा चेहरा असा पडला की जणू मी त्यांना फसवलं. 'मग ती वेडी कुठे होती? केस तर नेहमी विंचरलेले असायचे.' कुणीतरी म्हटलं की हा न खाण्याचा आजार टीव्हीतल्या श्रीमंत पोरींचा असतो, आपल्याकडे भात खाणाऱ्यांना तो होत नाही. आणि पाठोपाठ ती जी म्हणाली ना, तिचं नाव मी लिहीत नाही, ती म्हणाली, 'पण खरं सांगू? आजारी होती तेव्हाच सगळ्यात सुंदर दिसायची.' मी टीव्ही बंद केला. त्यांनी ओरडा केला, कारण त्याच भागात धनीणबाईला तिचं मूल दिसणार होतं आणि ती एका मिठीत बरी होणार होती. पुढच्या दिवशी सगळ्या कप्तानच्या घरी जमल्या. माझी दोन गिऱ्हाइकंही गेली, जाऊ देत.

एक गोष्ट मला सुचली आणि मला वाटलं आता जिंकले. तान्ह्या बाळाचं कौतुक करताना आपण सगळे लगेच 'पुएरा उसोग', दृष्ट न लागो, म्हणतो की नाही? आल्यागेल्यानं बाळाला गुटगुटीत म्हटलं तर बाळाचं पोट दुखतं, ताप येतो, मग त्याच माणसाला बोलावून बाळाच्या पोटावर थुंकीचा अंगठा फिरवायला लावतो. म्हणजे बोलण्यानं माणूस आजारी पडतो हे या गावाला कुणा डॉक्टरांनी शिकवायला नको, आपल्या आज्यांच्या आज्यांना ते माहीत होतं. रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांना थांबवून मी हेच सांगितलं. म्हटलं, बाळाला जे बाधतं ते मोठ्या पोरीला बाधत नाही कशावरून? समजा रोझवीला तुमच्या बोलण्याचा उसोग होतो. तिया उर्दुजासुद्धा मान हलवायला लागली. फादरच्या स्वयंपाकिणीनं क्रूसाची खूण केली. म्हाताऱ्या मिलाग्रोसनं तर सांगितलं, 'हे आधीच बोलली असतीस तर!' मी हलक्या पावलांनी घरी आले, दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले. मंगळवारी बाजारात तिया उर्दुजा मला मोठ्या आनंदानं म्हणाली, 'सगळं ठरलं बघ. ती उतरली की आम्ही म्हणू, किती जाडी झालीस गं, पुएरा उसोग!' आणि सगळ्यांनी तिच्या पोटावर अंगठा लावायचं ठरवलंय. रांगेनं.

हस तू. मलाही आता लिहिताना हसू येतंय, पण त्या दिवशी मी भाजीची टोपली तिथेच टाकून घरी आले. त्यात त्यांनी पुतोंगसुद्धा ठरवलाय. तू बरी होऊन घरी येणार म्हणजे पुतोंग हवाच, आजारातून उठलेल्या माणसाला मुकुट घालायचा नाही तर कुणाला घालायचा? अंगणात मधोमध खुर्ची, तू खुर्चीवर, आणि आम्ही वीस बायका पांढऱ्या झग्यांत, हातात फुलं घेऊन, गात गात एकेक पाऊल पुढे येणार, तुझ्यावर डोळे लावून. चाळीस मिनिटं! मी या गावातल्या किती जणांना मुकुट घातलाय. ज्याला घालतो तो रडतो, आम्हीही रडतो, शेवटी पाकळ्या आणि नाणी उधळतो. याहून चांगलं आपल्याजवळ काही नाही, हे मी आजही म्हणेन. पण या वेळी मी डोळे मिटून बघितलं, तर मला खुर्चीवर तू दिसलीस, दोन्ही हात पोटावर घट्ट धरलेली, आणि चाळीस मिनिटं उठून जाता येत नाही.

तातयचं सांगायचं राहिलं. या वर्षीही तो होली वीकमध्ये मोरियोन झाला, नवसाचा रोमन शिपाई. सलग तिसरं वर्ष. लाकडी मुखवटा, शिरस्त्राण, सबंध आठवडा उन्हात फिरणं, या वयात. नवस कशाचा ते त्यानं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गुड फ्रायडेला त्याला चक्कर आली तेव्हा मुखवटा काढायला गेले, तर त्यानं माझा हात धरून ठेवला. आत तो रडत होता. मुखवट्यातून कुणाला दिसत नाही म्हणून तो दरवर्षी तेवढ्यासाठी तो घालतो, असं मला वाटतं. तुला सांगू नको म्हणालाय, पण मी सांगणार.

तुझ्या रेना एलेनाच्या वर्षाबद्दल आपण कधीच बोललो नाही, रोझवी. तू एकोणीस वर्षांची होतीस. मे महिन्याच्या मिरवणुकीत सगळ्यात शेवटी, फुलांच्या कमानीखाली राणी, रेना एलेना म्हणून तू चालणार, आणि झगा मी शिवणार. मी मार्चमध्ये माप घेतलं. एप्रिलच्या सुरुवातीला घालून बघितला तर कमरेत सैल. मी आत घेतला. ईस्टरनंतर पुन्हा सैल, पुन्हा आत घेतला. चार वेळा घेतला गं. चौथ्या वेळी टाका घालायला कापड उरलं नव्हतं इतक्या शिवणी एकावर एक आल्या होत्या. पस्तीस वर्षं मी शिवणकाम करतेय, गावातल्या कुठल्या बाईला दिवस गेलेत हे मला तिच्या नवऱ्याच्या आधी कळतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर तू वितळत होतीस, मी तोंडात टाचण्या धरून, गुडघ्यावर बसून, बायकांना कौतुकानं सांगत होते की बघा, पोरीनं कशी मेहनत घेतलीय. त्याच्या दहा वर्षं आधी आपण सगळ्या टीव्हीवर सौंदर्यस्पर्धा बघायला बसायचो, कागद-पेन्सिल घेऊन गुण द्यायचो, आणि नऊ वर्षांची तू माझी इंचपट्टी स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळून बसायचीस. मी त्याचा फोटो काढला होता. दुकानात लावला होता. लोक बघून हसायचे, मीही हसायचे.

आणि ब्रुनो! झग्याच्या वर्षी तो कुत्रा केवढा गोलमटोल झाला होता. येणारा प्रत्येक जण आधी ब्रुनोला म्हणायचा, 'जाडा झालास रे!' आणि मग तुला म्हणायचा, 'किती छान बारीक झालीस!' तुझा भात त्याच्या पोटात जात होता हे आमच्यापैकी एकालाही जोडून बघता आलं नाही. चर्चच्या दारात तू कोसळलीस तेव्हाही आधी वैदूला बोलावलं. तोवर मी कापड ओढून तुझे पाय झाकत होते, कारण झग्याची खालची शिवण उसवली होती आणि मला लोकांची लाज वाटत होती.

मनिलाच्या त्या वॉर्डात पहिल्यांदा आले तेव्हा मी बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसून होते. आत यायची भीती वाटत होती. मला वाटलं होतं आत किंकाळ्या असतील, पिंजारलेल्या बायका माझ्या अंगावर धावून येतील. आत गेले तर एक बाई चादरींच्या घड्या घालत होती, बँकेत कॅशियर होती ती. एक नन पत्त्यांत लबाडी करत होती. आणि तू खिडकीशी, केस नीट विंचरून, क्लिप लावून. मी तिथून परत आले आणि गावात सांगितलं की तुला अल्सर झालाय. दीड वर्ष सांगत होते. मालिका लिहिणाऱ्यांना मी आता शिव्या घालते, पण ते खोटं मी एकटीनं रचलं होतं, कुणी शिकवलं नव्हतं.

परवा काय झालं ते आता लिहिते. शेजारची जोसेल हाँगकाँगहून आली, चार वर्षांनी. तिकडे ती एका घरी कामाला आहे, दोन मुलं सांभाळते. मी आरारूटची बिस्किटं घेऊन भेटायला गेले. वाटेत मनाशी घोकत गेले, कारण म्हटलं ही आपली तालीम. दोन आठवडे मी सबंध गावाला शिकवतेय, भांडतेय, माइक ओढतेय. दार उघडलं, जोसेल समोर उभी, आणि माझ्या तोंडून आलं, 'अगं बाई जोसेल, केवढी फुगलीस!' मोठ्यानं. हसत. मायेनं. मागे बसलेल्या बायका हसून लोळायला लागल्या, तिया उर्दुजा तर टाळ्या पिटत होती, 'घ्या, मास्तरीणबाई नापास!' जोसेलही हसली. पण हसता हसता तिनं टी-शर्टचं टोक पकडून पोटावरून खाली ओढलं. नंतर जेवायला बसलो तेव्हा तिनं भात घेतला नाही, म्हणाली बोटीत मळमळलं. मी तिच्या त्या हाताकडे बघत बसले. ती अजून तीन वेळा टी-शर्ट ओढत होती. असा हात मी आयुष्यात हजार वेळा पाहिला असेल, रोझवी. कपडे बेतताना तर रोज पाहते, आणि बायांना सांगते, हात खाली घे, माप चुकतं.

घरी येऊन मी दिवा न लावता बसले. तातयनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, अट गावासाठी नव्हतीच. त्याला ते पहिल्या दिवसापासून कळलं होतं. मलाच दोन आठवडे लागले. तू 'कुणी बोलायचं नाही' असं लिहिलंस, कारण तुला माझं नाव लिहायचं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी मनिलाला तुझ्या क्युबाओच्या खोलीवर आले होते. वॉर्डातून सुटून तुला सात महिने झाले होते, तू नोकरीला लागली होतीस, मोजून मापून तिन्ही वेळा खात होतीस, आणि दार तू स्वतः उघडलंस, पिवळा ब्लाउज घालून. तू बरी दिसत होतीस आणि मला आभाळ ठेंगणं झालं. मी तुझे दोन्ही गाल धरले आणि म्हटलं, 'देवाची कृपा, भरलीस गं! आता कशी छान जाडी झालीस!' तू हसलीस. माझ्यासाठी शेवयांचं पान्सित केलंस, समोर बसून खाल्लंससुद्धा. मी आनंदात बोट पकडली. ऑगस्टमध्ये तू पुन्हा वॉर्डात होतीस. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी मला फोनवर हळू आवाजात विचारलं होतं, जूनमध्ये घरचं कुणी भेटायला आलं होतं का. मी म्हटलं, हो, मी गेले होते, तेव्हा तर एकदम ठीक होती. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. तू मला कधीच काही म्हणाली नाहीस. फक्त नंतर तीन वर्षं मला 'ये' म्हणाली नाहीस आणि स्वतःही आली नाहीस. आणि मी दोन आठवडे दारोदार फिरून दुसऱ्यांची तोंडं बंद करत होते.

म्हणून हे पत्र. तीन मेला येऊ नकोस, पोरी. इतकी वर्षं मी ये ये म्हणून तुझा जीव खाल्ला आणि आता मीच नको म्हणतेय. पुतोंग मी रद्द केलाय, तिया उर्दुजा माझ्याशी बोलत नाहीये, ठीक आहे. या गावाला वेळ लागेल, मला लागला तसा, आणि त्यांच्या शिकवणीसाठी तुझं हृदय पणाला लावायला मी तयार नाही. त्याऐवजी मी तुझ्याकडे येऊ का? एकटी, तू म्हणशील त्या दिवशी. काही शिवून आणणार नाही, काही शिजवून आणणार नाही. पण एक अडचण आहे, आणि ती मी तुझ्याशिवाय कुणाला विचारू शकत नाही. तू दार उघडशील, मला तू दिसशील, आणि माझं तोंड उघडेल. तेव्हा त्यातून काय यायला हवं? मी दोन दिवस मशीनवर बसून शोधतेय. बसमध्ये गर्दी होती का, असं विचारायचं तर बसनं मी आलेली असणार. कशी आहेस विचारलं तर तू बरी आहे म्हणशील आणि ते खरं असेलच असं नाही. तातय म्हणतो, नुसतं नाव घे. रोझवी. एवढंच, पुढे काही नाही. मी परसात उभी राहून म्हणून बघितलं. जीभ पुढे जायला बघते, पण दात आवळले तर थांबते. तेवढं चालेल का तुला? चालत नसेल तर काय म्हणू ते लिही, मी पाठ करून येईन. आणि तुलाही काही सुचलं नाही तर तसंही लिही, मग मी दारात गप्प उभी राहीन, आणि आत यायचं की नाही ते तू ठरव.

उत्तर येईपर्यंत तोंड मिटून बसलेली,
तुझीच आई,
नानाय